हळदीचं नॅनो कॅप्सूल मेंदूत पोचतं का, आणि पोचलं तरी पुढं काय?

वसमतजवळच्या एका हळद उत्पादकाचा प्रश्न आहे. थोडक्यात देतो: "अण्णांना चार वर्षांपासून पार्किन्सन आहे, वय ७१. लेवोडोपाच्या गोळ्या दिवसातून चार वेळा चालू आहेत. दुपारची गोळी जेवणाबरोबर घेतात, तीनच्या सुमाराला हात जास्त थरथरतो. दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्याही आहेत. नांदेडच्या एका ओळखीच्या माणसानं नॅनो करक्युमिनची कॅप्सूल सुचवली. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही, नॅनो असल्यामुळं थेट मेंदूत जातं, सहा महिन्यांत थरथर थांबेल, मग इंग्लिश गोळ्या हळूहळू बंद करू, असं तो म्हणतो. महिन्याला साडेचार हजार रुपये. इकडं आमच्याच घरात हळदीचे चाळीस कट्टे पडून आहेत. कॅप्सूल घ्यावी, की घरचीच हळद वाढवावी?"

भाऊ, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं आधी ऐका. लेवोडोपा बंद करू नका, आणि कुणाच्या सांगण्यावरून कमीही करू नका. या गोळ्या एकाएकी थांबवल्या तर माणूस लाकडासारखा ताठ होतो, ताप चढतो, शुद्ध हरपते आणि प्रसंगी जीवावर बेततं. तुमच्या ओळखीच्या माणसाच्या पाच वाक्यांत सगळ्यात धोक्याचं वाक्य तेच आहे. बाकीच्या चारांकडं पुढं येतो.

आता माझ्याबद्दल. मी डॉक्टर नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. हळदीतलं करक्युमिन, द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल, कांद्यातलं क्वेर्सेटिन अशा हट्टी रेणूंना बारीक कणांत बसवायचा उद्योग गेली बावीस वर्षं करतोय. म्हणजे तुम्हाला जे विकलं जातंय, ते बनवणाऱ्यांच्या जातकुळीतलाच मी. त्यामुळं नॅनो म्हणजे निव्वळ थोतांड, असं मी म्हणणार नाही. तसं ते नाहीच. पण माल पोचणं आणि पोचलेल्या मालानं काम करणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या ओळखीच्या माणसानं पहिल्याचं अर्धवट उत्तर देऊन दुसऱ्याचे पैसे मागितलेत.

मुळात ही कल्पना आली कुठून ते बघू. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण अंगाला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा ओढतो. त्यात त्याची घडण स्निग्ध, आणि ती चरबीही लवकर खवट होणारी. करडईचं तेल उघडं राहिलं तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पेशीच्या पडद्यातल्या चरबीचं जवळपास तेच होतं. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या ज्या काळसर पट्ट्यातल्या पेशी मरतात तिथं लोहही जास्त असतं. शिवाय त्या पेशी डोपामिन नावाचं जे हालचालींसाठी लागणारं रसायन बनवतात तेच ऑक्सिजनशी मिळून त्रासदायक पदार्थ तयार करतं. मेलेल्या रुग्णांच्या मेंदूत या खवटपणाच्या खुणा स्पष्ट सापडतात. मग साहजिकच वाटलं, की खवटपणा रोखणारा पदार्थ, म्हणजे अँटिऑक्सिडंट, तिथवर नेला तर झीज थांबेल. विचार सरळ होता आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत तो चाललाही.

अडचण पुढं, आणि हळदीच्या बाबतीत ती पावलोपावली आहे. करक्युमिन १८१५ साली पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं, त्याची रचना १९१० मध्ये उलगडली. म्हणजे रेणू जुना आहे, ओळखीचा आहे, पण माणसाळत नाही. शुद्ध करक्युमिन चिमूटभर घेऊन पाण्याच्या ग्लासात टाका. वर केशरी साय धरते, ढवळलं तर कण फिरतात, पाच मिनिटांनी तळाशी बसतात, पाणी मात्र जवळपास स्वच्छ. तेच थोड्या स्पिरिटात टाकलं तर क्षणात पिवळंधम्मक. आपल्या आयांना हे माहीत होतं, म्हणून फोडणीत हळद तेलात पडते.

बरं, विरघळलं म्हणजे टिकलं असंही नाही. हळदीला चुना लागला की कुंकू होतं. अल्कली लागली की हा रेणू रूप बदलतो आणि तुटायला लागतो. त्याला चुन्याएवढी तिखट अल्कलीही लागत नाही. रक्ताइतक्या सौम्य अल्कधर्मी द्रावणात, बाकी काही नसताना, साधारण ९० टक्के करक्युमिन अर्ध्या तासात संपतं, हे १९९७ मध्ये दाखवलं गेलंय. उजेडाचंही तसंच. लग्नात हळद लागलेलं धोतर धुऊन दोन दिवस उन्हात टाकलं की डाग फिका पडतो, ती काही साबणाची कमाल नव्हे. माझे विद्यार्थी करक्युमिनच्या बाटल्यांना ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळतात, त्यामागं हेच कारण आहे.

पोटात गेल्यावर आणखी मजा. आतड्याच्या भिंतीतली आणि यकृतातली एन्झाइमं त्याला लगेच साखरेचं किंवा गंधकाचं शेपूट जोडतात, म्हणजे ते पाण्यात विरघळून बाहेर जायला मोकळं होतं. अमेरिकेत अल्झायमरच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका आजाराच्या, ३६ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१२ मध्ये छापली गेली. त्यातल्या काहींना रोज २ ग्रॅम, काहींना ४ ग्रॅम करक्युमिन, असं २४ आठवडे दिलं. रक्तात मूळ रूपातलं करक्युमिन किती सापडलं? मिलिलिटरमागं ७ नॅनोग्रॅमच्या आसपास. काचेच्या ताटलीत ज्या मात्रेला पेशी वाचताना दिसतात ती याच्या कितीतरी पट. रुग्णांना फायदा दिसला नाही. त्याआधी २००८ मध्ये हाँगकाँगमधल्या ३४ रुग्णांच्या चाचणीतही दिसला नव्हता.

मिऱ्याचं म्हणाल, तर १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधून आलेला अभ्यास सगळे उगाळतात. २ ग्रॅम करक्युमिनबरोबर मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं आणि शोषण २० पट वाढलं. आकडा खरा आहे. पण शून्याच्या शेजारी असलेल्या संख्येची वीसपट किती, हे तुम्ही हिशेबी माणूस, तुम्हीच बघा. शिवाय पायपरिन हे कशाच्या जोरावर करतं, तर यकृताची आणि आतड्याची सफाईयंत्रणा थोपवून. ती फक्त हळदीसाठी थांबत नाही. अण्णांच्या बाकीच्या गोळ्यांपैकीही काही त्याच वाटेनं बाहेर पडत असतील.

आता मेंदूचा दरवाजा. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की मधून काही झिरपत नाही, आणि जे पेशीतून घुसायला बघतं त्यातलं बरंच त्या पेशींवरचे पंप उचलून परत रक्तात फेकतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८८५ च्या सुमारास जनावरांच्या रक्तात रंग सोडले, तर सगळं अंग रंगलं आणि मेंदू कोरा राहिला. तेव्हापासून हे माहीत आहे. वर्गात मी देवगिरीचं उदाहरण देतो: खंदक, त्यावर एकच वाट, पुढं अंधारी. ओळखीचा असेल तो वर जाईल, बाकीचे खंदकात.

आणि ओळखीचे असतात, बरं का. डोपामिन स्वतः या दरवाजातून जात नाही. म्हणून अण्णांना डोपामिन न देता लेवोडोपा देतात. लेवोडोपा हे अमिनो आम्ल आहे आणि अमिनो आम्लांना आत न्यायला दरवाजावर खास हमाल आहेत. ते त्याला आपलंच पोतं समजून उचलतात, आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. पार्किन्सनमधलं हे सगळ्यात यशस्वी औषध, आणि त्यात नॅनो काहीही नाही. गंमत म्हणजे ते नैसर्गिकही आहे, आपल्या बांधावरच्या खाजकुयलीच्या बियांत ते असतं. (म्हणून बिया कुटून द्यायला जाऊ नका. एका बीत किती आणि दुसऱ्या बीत किती याचा नेम नाही, आणि गोळीच्या वर तेच पडलं तर अंगाचे अनावर आळोखेपिळोखे सुरू होतात.)

इथं जाहिरातवाल्यांची एक चूक सांगतो. हळदीची खरी अडचण हा दरवाजा नाहीच. करक्युमिन लहान आहे, चरबीत मिसळणारं आहे, रेणुभार ३६८. शिरेतून टोचलं तर जनावरांच्या मेंदूत ते थोडंफार जातं, अल्झायमरच्या गाठींना चिकटतंसुद्धा. अडचण ही, की दरवाजापर्यंत यायला ते शिल्लकच राहत नाही. वेशीवरच लुटलं जातं.

नॅनोकणांचा उपयोग इथं होतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डोक्याचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. आम्ही बनवतो ते कण शंभर ते दोनशेच्या घरातले. करायची रीत सांगितली तर तुम्हाला ती स्वयंपाकघरातलीच वाटेल. ॲसिटोनमध्ये करक्युमिन आणि शरीरात विरघळून जाणारं एक पॉलिमर एकत्र विरघळवायचं. दुसऱ्या भांड्यात पाणी, त्यात थोडा स्थिर ठेवणारा साबणासारखा पदार्थ, आणि चुंबकाची काडी गरगर फिरतेय. त्यात पहिलं द्रावण सुईनं थेंब थेंब सोडायचं. थेंब पडतो तिथं पिवळा धूर उठल्यासारखं दिसतं आणि बघता बघता पाणी हळदीच्या दुधासारखं होतं. ग्लासातून लेझरचा ठिपका सोडला तर त्याची वाट लखलखीत दिसते. तळाशी काही बसत नाही. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा आम्ही प्रयोगशाळेत चहा मागवला होता.

तो चहा जरा लवकर मागवला. त्या खेपेचा कण पहिल्या दिवशी १६० नॅनोमीटर भरला होता. मे महिना, वीज गेली, फ्रिज रात्रभर बंद. सकाळी बाटलीत नासलेल्या दुधासारख्या पिवळ्या गाठी. तीन महिन्यांचं काम. त्यानंतर आम्ही कण गोठवून, वाळवून, ट्रेहॅलोज नावाच्या साखरेत पुडी करून ठेवायला शिकलो. हे अशासाठी सांगतो, की नॅनो हे कॅप्सूल भरली त्या दिवसापुरतं मोजून भागत नाही. तुमच्या नांदेडच्या दुकानात ४२ अंशांत ती डबी दोन महिने पडून होती, तर तिच्यातले कण अजून नॅनो आहेत का, हे डबीवर कुठंही लिहिलेलं नसतं. विचारून बघा. विकणाऱ्याला प्रश्नच कळणार नाही.

मेंदूपर्यंत नेण्याच्या युक्त्या बऱ्याच आहेत. कणाला विशिष्ट साबणाचा लेप दिला की रक्तातलं कोलेस्टेरॉल वाहून नेणारं एक प्रथिन त्याला चिकटतं, मेंदूचा दरवाजा त्याला चरबीची गाडी समजतो आणि आत ओढतो. जर्मनीत क्रॉयटर यांच्या गटानं १९९५ च्या सुमारास हे उंदरांत दाखवलं, आमच्या धंद्यातला तो टप्पा. दुसरी युक्ती लोहाची. मेंदूला लोह लागतं, ते आणणाऱ्या ट्रान्सफेरिनसाठी दारावर कडी आहे, तिची किल्ली कणाला जोडायची. तिसरी नाकातून: वास घेणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटेनं, दरवाजाला वळसा घालून. हे सगळं खरं विज्ञान आहे. लोहाच्या कडीची युक्ती तर औषधापर्यंत आलीय: हंटर सिंड्रोम नावाच्या दुर्मिळ आजारासाठी अशी किल्ली जोडलेलं एक एन्झाइम जपाननं २०२१ मध्ये मंजूर केलं. तो नॅनोकण नव्हता, प्रथिन होतं, पण दरवाजा उघडतो हे माणसात दिसलं. चरबीच्या नॅनोकणांतून दिलेलं पहिलं आरएनए औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, कोविडच्या एमआरएनए लशी त्याच घराण्यातल्या. ते मात्र यकृतासाठी होतं. यकृतात नॅनोकण न्यायला फार डोकं लागत नाही, सोडले की ते तिकडंच जातात. यकृत आणि प्लीहा मिळून बहुतेक माल गिळतात, आणि शिरेतून सोडलेल्या शंभर कणांपैकी एकसुद्धा मेंदूत गेला तर आम्ही आनंदानं शोधनिबंध लिहितो.

शोधनिबंध लिहितो म्हटलं, म्हणून घरची गोष्ट सांगून टाकतो. कणाला चमकणारा रंग लावायचा, उंदराला टोचायचं, मेंदूचे काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. चमकलं की पोचलं. पण रंग वाटेत कणातून सुटून एकटाच पोचलेला असू शकतो. मेंदूतल्या केशवाहिन्यांत राहिलेलं रक्त खारट पाण्यानं नीट धुऊन काढलं नसेल तर रक्तातला मालही मेंदूतला म्हणून मोजला जातो. आमच्या एका विद्यार्थिनीचे आकडे पहिल्या वेळी इतके सुरेख आले की मलाच शंका आली. धुलाई नीट करून पुन्हा केलं, तर चमक पाव हिश्श्यावर आली. तिला वाईट वाटलं, मला ती खरी संशोधक वाटली.

आणि उंदीर तो उंदीर. त्याला पार्किन्सन आपोआप होत नाही, आपण विष देऊन करतो. ते विष पेशीत ऑक्सिडेशनचाच, म्हणजे त्या खवटपणाचाच, आगडोंब उसळवून तिला मारतं. त्यावर अँटिऑक्सिडंट, तेही बऱ्याच वेळा विषाच्या आधीपासून, दिलं तर उंदीर वाचणारच. माणसाचं उलटं आहे. अण्णांचा हात पहिल्यांदा थरथरला तोवर त्या काळ्या पट्ट्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या होत्या. तिथून पुढं काहीही दिलं तरी ते वरातीमागून घोडं. नाकाच्या वाटेचंही तसंच: उंदराच्या नाकाचा जवळपास निम्मा भाग वास घेणाऱ्या अस्तराचा, आपल्या नाकात ते दहा टक्केही नाही.

आता तुमच्या कॅप्सूलकडं वळू. वर सांगितलेल्या दरवाजा उघडणाऱ्या युक्त्या शिरेतून टोचून किंवा नाकातून देऊन केलेल्या आहेत. तोंडानं गिळलेली कॅप्सूल ही वेगळीच गोष्ट. पित्त आणि पाचकरस तो कण फोडतात, आणि आतड्यातून आत शिरतं ते बहुतेक नुसतं करक्युमिन, कण नव्हे. त्यानं फायदा होतो, नाही असं नाही: करक्युमिन चांगलं विरघळलेलं असल्यामुळं रक्तातली पातळी खरोखर वाढते. पण कण डोक्यावर माल घेऊन मेंदूच्या दारात उभा राहतो हे चित्र, जे त्या पत्रकावर निळ्या रंगात काढलेलं असेल, ते कॅप्सूलला लागू नाही. पातळी "इतक्या पट" वाढली म्हणतात तेव्हाही एक प्रश्न विचारायचा: मोजलं काय? बहुतेक ठिकाणी रक्ताच्या नमुन्यात एन्झाइम घालून ती साखरेची शेपटं तोडतात आणि मग सगळं मिळून मोजतात. शेपूट लावलेला तो माल शरीरानं बाहेर टाकायला काढलेला असतो, आणि त्याची ताकद मूळ मालापेक्षा बरीच कमी. हळदीच्या भाषेत सांगायचं तर हलका कोचा आणि हळकुंड एकाच काट्यावर वजन करून सगळ्याला हळकुंडाचा भाव लावल्यासारखं.

पण समजा, पोचलं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग इथं येतो. देवगिरीची ती जुनी गोष्ट आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन चालून आला, रामदेवरायाच्या लोकांनी घाईघाईनं पोती गडावर चढवली, वेढा पडल्यावर सोडून बघतात तर धान्याऐवजी मीठ. खरंखोटं इतिहासकार जाणोत. पण पोती गडावर पोचली होती, यात वाद नाही.

अँटिऑक्सिडंटच्या पोत्यात काय आहे, हे तपासायला नॅनोची गरजही नव्हती, कारण त्यातले काही पदार्थ नॅनोशिवाय बऱ्यापैकी पोचतात. ई जीवनसत्त्व चरबीत राहणारं, मेंदूत जाणारं. अमेरिकेत सुरुवातीच्या पार्किन्सनच्या ८०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, रोज २००० युनिट. निकाल १९९३ ला आला: आजाराच्या चालीवर परिणाम नाही. कोएन्झाइम क्यू-१० मायटोकाँड्रियाला, म्हणजे पेशीतल्या वीजघराला, लागणारं, त्यावर फार आशा होती. ६०० रुग्ण, रोज १२०० किंवा २४०० मिलिग्रॅम. फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली, २०१४ मध्ये निकाल छापला. अँटिऑक्सिडंटला थेट मायटोकाँड्रियात नेणारं शेपूट लावून बनवलेलं एक औषध होतं, पत्त्यासकट पाकीटच म्हणा. २०१० मध्ये १२८ पार्किन्सन रुग्णांत त्याचाही उपयोग दिसला नाही. अल्झायमरमध्ये चित्र थोडं बरं आहे: ई जीवनसत्त्वानं रोजची कामं करण्याची क्षमता जरा सावकाश घटली, असं १९९७ आणि २०१४ च्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं. स्मरणशक्ती परत आली नाही. शिवाय एवढ्या मोठ्या मात्रेनं रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तेही अण्णांसारख्यांनी आपल्या मनानं घ्यायचं नाही.

असं का व्हावं? माझा अंदाज असा, आणि या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांचा आहे, की खवटपणा हा आजाराचा धूर आहे, आग दुसरीकडं आहे. प्रथिनांच्या चुकीच्या घड्या, पेशीच्या आतल्या कचऱ्याची सफाई थांबणं, मायटोकाँड्रियाचा बिघाड. धूर काढून आग विझत नाही. शिवाय ऑक्सिडेशन हे नुसतं नुकसान नाही, पेशी त्याचा निरोपासारखा वापर करतात. सगळंच दाबून टाकणं शहाणपणाचं असेलच असं नाही. करक्युमिनबद्दल आणखी एक अडचण आहे: प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना ते फसवतं. स्वतः रंगीत, स्वतः चमकणारं, प्रथिनांना वाटेल तसं चिकटणारं, त्यामुळं कशावरही टाकलं तरी "काम करतंय" असं दिसतं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नावाजलेल्या नियतकालिकानं यावर सडेतोड लेख छापला. आमच्या गोटात त्यानं बरेच चेहरे उतरले, माझाही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी अन्याय करेन. लॉस एंजेलिसमध्ये २०१८ साली एक बरी चाचणी छापली गेली. बारीक कणांत बसवलेलं करक्युमिन, ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १८ महिने, ४० माणसं. स्मरणशक्तीच्या परीक्षेत त्यातल्या करक्युमिन घेणाऱ्यांची प्रगती दिसली. मला ती चाचणी आवडते. पण ती माणसं स्मृतिभ्रंशाची नव्हती, वयोमानानं विसरायला लागलेली होती, आणि चाळीस म्हणजे फार थोडी. अण्णांच्या आजाराशी तिचा संबंध नाही. तुमच्या ओळखीच्या माणसाच्या पत्रकात बहुधा हीच चाचणी छापलेली असणार.

"घेऊन बघायला काय जातंय, गाजराची पुंगी, वाजली तर वाजली," असं वाटेल. एरवी मीही म्हटलं असतं. पण अण्णांना स्टेंट आहे. करक्युमिन रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) थोडं ढिलं करतं, आणि त्यांच्या गोळ्याही तेच काम करतात. दोन्ही मिळून हिरड्यांतून, पोटातून रक्त जायला लागलं तर? दुसरं यकृत. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची बरीच प्रकरणं पुढं आली, अमेरिकेतही पुढं नोंदली गेली. विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांत ते जास्त होतं. जेवणातल्या हळदीनं हे सहसा होत नाही, कारण ती फारशी शोषलीच जात नाही. शोषण वाढवण्याची सगळी कसरत आम्ही करतो, त्याची ही दुसरी बाजू. जे अंगी लागतं तेच बाधू शकतं. माझ्या एका चुलत्यांनी चार महिने अशीच काही कॅप्सूल घेतली होती, डोळे पिवळे झाल्यावर घरच्यांनी डबी दाखवली. थांबवल्यावर सुधारले. तोवर सगळे म्हणत होते, हळद खातात ना, म्हणून पिवळे दिसतात.

डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. औषध म्हणून परवाना असेल तर औषधाचा परवाना क्रमांक असेल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असेल तर ते अन्न आहे, आणि त्यावर "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य छापणं बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला मेंदूचं चित्र, मागच्या बाजूला हे वाक्य. मेंदूचे आजार बरे करण्याची जाहिरात तर १९५४ च्या जादुई उपाय कायद्यानंच बंद आहे. म्हणून ती छापील नसते, ओळखीच्या माणसाच्या तोंडून येते. नॅनो औषधं कशी तपासायची याच्या मार्गदर्शक सूचना भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०१९ मध्ये काढल्या आहेत. कणांचा आकार, टिकाऊपणा, शरीरात कुठं साठतात, सगळं त्यात मागितलंय. अन्न म्हणून विकलं की या वाटेला जावंच लागत नाही.

घरच्या हळदीचं विचाराल, तर खा. सेलमच्या चांगल्या हळकुंडात करक्युमिन तीन-चार टक्क्यांच्या घरात, म्हणजे चमचाभर हळदीत शंभरेक मिलिग्रॅम. भाजीत, आमटीत जेवढी पडते तेवढी पडू द्या. त्यानं पार्किन्सन हलणार नाही, आणि अण्णांचं काही बिघडणारही नाही. फांकी मारायची गरज नाही. बाजारातली फार झळझळीत पिवळी पावडर मात्र आणू नका. रंग चढवायला लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मिसळल्याचं बांगलादेशात आणि आपल्याकडच्या काही शहरांतही सापडलंय, आणि शिसं हे मेंदूचंच विष आहे. तुमच्या घरात कट्टे आहेत, तुम्हाला ती भीती नाही.

ते साडेचार हजार दुसरीकडं लावा. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट घरी येऊ द्या. तोल, चाल, खुर्चीतून उठणं, यावर व्यायामाचा फायदा माणसांत दिसलेला आहे, उंदरांत नव्हे. एकदा बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, अण्णा माळकरी असतील तर बी-१२ आधी. बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, पोट साफ नसलं की गोळीही नीट लागत नाही.

आणि जाता जाता, दरवाजावरचे ते हमाल आठवतात ना, लेवोडोपाला आत नेणारे? डाळ, दूध, अंडं, मटण पचून जी अमिनो आम्लं होतात ती त्याच हमालांकडं जातात, आतड्यातही आणि मेंदूच्या दारातही. गोळी आणि वरण एकाच वेळी पोचलं तर गोळी रांगेत मागं राहते. तुम्ही लिहिलंय की अण्णा दुपारी जेवणाबरोबर गोळी घेतात आणि तीनच्या सुमाराला हात जास्त थरथरतो. न्यूरॉलॉजिस्टना फोन करून विचारा, जेवणाच्या पाऊण तास आधी दिली तर चालेल का. बहुतेक हो म्हणतील. मळमळायला लागलं तर बरोबर एखादं बिस्किट किंवा अर्धी भाकरी, दूध नको. पंधरा दिवस एका वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि थरथर कधी वाढली ते लिहून ठेवा, पुढच्या तपासणीला ती वही घेऊन जा.

कॅप्सूलची डबी आधीच आणली असेल तर तीही पिशवीत टाका. डॉक्टरांना ती दाखवायला लाजू नका, लपवलेल्या डब्याच जास्त त्रास देतात.